समजून घ्या : विमानात रेडिओ नव्हता, तरी जेआरडींचे टपाल वेळेवर कसे पोहोचायचे?

चिकलठाण्याला उतरणारे विमान खराब हवामानामुळे दुसरीकडे वळवले, अशी बातमी पावसाळ्यात अधूनमधून येते. प्रवासी वैतागतात; पण हे दुसरे विमानतळ उड्डाणाआधीच ठरलेले असते. जेआरडी टाटांनी टपाल सेवा सुरू केली, तेव्हा वाट शोधायला वैमानिकाजवळ होते नकाशा, होकायंत्र आणि स्वतःचे डोळे.

जेआरडींचा जन्म 29 जुलै 1904 चा, पॅरिसचा. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी इंग्लंड-भारत एकट्याने उडण्याच्या आगाखान स्पर्धेत ते कराचीहून निघाले. समोरून येणारे अस्पी इंजिनिअर इजिप्तमध्ये अबुकीरला स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. स्पर्धा अस्पींनी जिंकली, तीही काही तासांनी!

15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत विमान नेले ते त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी.

नकाशा कोणता घ्यायचा?

अशा उड्डाणात हा प्रश्न साधा नसतो. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हे सरळ रेषेत सुमारे 280 किमी. एकास दहा लाख प्रमाणाच्या नकाशावर ते 28 सेंटीमीटर भरते. नाशिक, शिर्डी, पुणे एका नजरेत येतात, पण बारकावे गळतात. एकास पाच लाखाच्या नकाशावर तेच अंतर 56 सेंटीमीटर. तिथे टेकड्या, लोहमार्ग, नाथसागराचा काठ नीट ओळखता येतो. मात्र विमान वळवावे लागले की कागद लवकर संपतो. म्हणून शेजारचे नकाशेही जवळ हवेत. मार्गापुरती पट्टी कापून नेणारा वैमानिक ढगांनी वाट अडवल्यावर अडचणीत येतो.

टाटांच्या सेवेपुढे तर त्याहून मोठी अडचण होती. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची सपाट, चिखलाची जागा. पावसाळ्यात ते बुडायचे. मग दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. धावपट्टी कुठली? येरवडा तुरुंगाशेजारचे एक मैदान. ऐनवेळी जागा शोधत बसण्यापेक्षा पर्यायी तळ आधीच ठरवलेला होता.

पहिल्या वर्षात, सह्याद्रीवरच्या पावसातही, टपाल एकदाही उशिरा पोहोचले नाही. सरकारी अहवालाने या वक्तशीरपणाची खास नोंद घेतली.

1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, जेआरडींनी लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई हे अंतर पुन्हा एकट्याने कापले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.