हवालदार गोपाळबाबा वलंगकर

खुलताबाद पूर्वी निजामाच्या मुलुखात असल्याने कोकणातील या थोर पुरुषाचे चरित्र इकडील कुटुंबांस कमीच ठाऊक आहे. गोपाळबाबा महाडनजीकच्या रावढळचे. १८८६ साली पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते दापोलीस, पेन्शनर शिपायांच्या वस्तीत, राहू लागले. पुढे १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरलेली, त्यांचेच वंशज सैन्यास अपात्र ठरले! लोक गोपाळबाबांच्या ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तकाचे नाव घेतात; आमच्या मते त्यांनी १८९४ साली अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने लष्करी अधिकाऱ्यांसाठी तयार केलेला अर्ज अधिक मोलाचा. महारांची पूर्वीची चाकरी व क्षत्रिय कुळ दाखवून त्यात भरतीचे दार पुन्हा उघडण्याची विनंती केली होती. स्वतःची नोकरी संपलेली. मागणे होते ते पेन्शनरांच्या मुलांनातवंडांसाठी. १९०० साली ते वारले, तेव्हा दार बंदच होते. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट विलायतेस धाडली. १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी राहिली, १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट आली ती १९४१ साली.