एका चुकीला एक आणा

गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. ते तेरा वर्षांचे असताना वडील गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागला. त्या पैशांची जाणीव गोपाळरावांना कायम होती.

कॉलेजात ते इंग्रजी उतारे पाठ करत, पुस्तक सोबत्याच्या हाती देत आणि चुकलेल्या प्रत्येक शब्दामागे एक आणा द्यायची तयारी दाखवत, अशी आठवण सांगतात. क्रीडाविज्ञान याला निकालाचा फीडबॅक म्हणेल. चेंडू यष्टीला लागला की नाही, एवढे तो लगेच सांगतो. का लागला नाही, हे मात्र सांगत नाही.

ते सांगणारा गुरू पुण्यात भेटला. गोखले फर्ग्युसन कॉलेजात शिकवत आणि सार्वजनिक सभेचे त्रैमासिक सांभाळत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्यांच्याकडून लेख आणि सरकारकडे जाणारे अर्ज लिहून घेत, मसुदे बारकाईने तपासत. प्रशिक्षक गोलंदाजाला मनगट उशिरा वळल्याचे दाखवतो, तसाच हा कृतीचा फीडबॅक. नवशिक्याला त्याची फार गरज असते. पण प्रत्येक चेंडूनंतर सूचना मिळू लागली, तर खेळाडू तिच्यावरच विसंबतो आणि सामन्यात एकटा पडला की गोंधळतो. म्हणून जाणता प्रशिक्षक हळूहळू बोलणे कमी करतो. आपली चूक आपल्याच स्नायूंना, डोळ्यांना आणि कानांना कळणे, हा अंतर्गत फीडबॅक तयार व्हावा लागतो.

गोखल्यांची ती कसोटी १८९७ मध्ये लागली. इंग्लंडमध्ये वेल्बी आयोगापुढे त्यांनी भारताच्या खर्चाबद्दल साक्ष दिली आणि कसून झालेल्या उलटतपासणीत ते टिकले. त्याच मुक्कामात, पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांवर गंभीर आरोप केले. परतल्यावर पुरावा उभा राहीना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. देशात त्यांच्यावर टीकेची झोड उठली, पण त्यांनी दोष दुसऱ्यावर ढकलला नाही आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावेही उघड केली नाहीत.

१९०१ मध्ये रानडे गेले. मसुदा तपासणारा हात आता नव्हता. पुढच्याच वर्षी केंद्रीय कायदेमंडळात गोखल्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. शिलकीचा अर्थसंकल्प म्हणजे रयतेची भरभराट नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडले. तोवर ते स्वतःचेच परीक्षक झाले होते.

एका इशाऱ्याकडे मात्र त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. निरोगी शरीरात रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि साखर पुन्हा ताळ्यावर येते. हाही फीडबॅकच. मधुमेहात ही साखळी बिघडते. गोखल्यांना मधुमेह होता, आणि इन्शुलिनचा शोध लागायला १९२१ उजाडायचे होते. तब्येत ढासळत असतानाही दौरे आणि आयोगाचे काम चालूच राहिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.