कुमार गंधर्व : मौनाची वर्षे

ज्या कौशल्यामुळे समाज आपल्याला ओळखतो, तेच आजारपणाने हिरावून घेतले तर माणसाची ओळख कशावर उभी राहते? कुमार गंधर्वांचे चरित्र अभ्यासताना हा प्रश्न लक्षात ठेवा.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. बालवयातील असामान्य गायनामुळे त्यांना ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली आणि तीच त्यांचे नाव झाली. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. विशीत असतानाच ते नामवंत गायक होते. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला; मात्र त्याच सुमारास त्यांना क्षयाने गाठले.

कोरड्या हवेसाठी १९४८ च्या आरंभी हे दांपत्य माळव्यातील देवास येथे राहावयास गेले. गाण्यास सक्त मनाई होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या : ज्याचे नावच गाण्याने घडले होते, त्याला सुमारे पाच वर्षे गाण्यावाचून काढावी लागली. या काळात भानुमतींनी त्यांची शुश्रूषा केली आणि संसाराचा भारही वाहिला.

कंठ बंद होता, कान मात्र उघडे होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्यातील स्त्रियांची गाणी आणि निर्गुणी भजने पडत. त्या धुनांचा ते बारकाईने विचार करू लागले. रागांचे मूळ लोकधुनांत आहे, या त्यांच्या धारणेला येथे बळ मिळाले. पुढे लोकधुनांतून त्यांनी जे नवे राग घडविले, त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटले जाते. मालवती आणि लगनगंधार ही त्यांची उदाहरणे होत.

स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाने ते बरे झाले आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफलीत गाऊ लागले. परंतु एक फुप्फुस कायमचे निकामी झाले होते. पूर्वीचा दमसास परत येणार नव्हता. त्यांच्या गायकीतील लहान, वेगवान स्वरसमूह आणि अर्थपूर्ण विराम यांचा संबंध अभ्यासक या मर्यादेशी जोडतात. तथापि, ही शैली केवळ आजाराची देणगी मानणे योग्य ठरणार नाही. तिच्यामागे त्या मौनातील चिंतनही होते. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांना पूर्वीचा आवाज जसाच्या तसा परत मिळाला नाही, हे विसरू नका. उरलेल्या श्वासात काय गाता येईल, याचा शोध त्यांनी घेतला. बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणेच, असे आपण सहसा गृहीत धरतो. हे चरित्र वाचल्यानंतर ते गृहीतक तुम्हांला कितपत मान्य आहे? आपले उत्तर दहा ओळींत लिहा.