जावजी दादाजी आणि निर्णयसागरी अक्षर

मराठी वाङ्मयेतिहासात ग्रंथकार व संपादक यांना स्थान मिळते. ज्यांनी अक्षराला छापील रूप दिले त्यांचा उल्लेख मात्र ओझरताच होतो. जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांचे चरित्र या उपेक्षेचा पुनर्विचार करावयास लावणारे आहे.

मुंबईत गरिबीत वाढलेल्या जावजींचे औपचारिक शिक्षण नाममात्रच झाले. बालवयातच ते अमेरिकन मिशन प्रेसमध्ये नोकरीस लागले. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत. ही विद्या त्यांनी हाताने काम करीत आत्मसात केली. पुढे इंदुप्रकाश छापखान्याचा अनुभव घेऊन १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला.

त्यांच्यापुढील प्रश्न केवळ व्यवसायाचा नव्हता. देवनागरीचे सौंदर्य तिरप्या कापलेल्या बोरूतून उतरणाऱ्या जाड-बारीक रेषांत आहे. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरातील पोथ्या पाहिल्या म्हणजे हे सहज ध्यानात येते. शिळाप्रेसवर हे वळण टिकत असे. गणपत कृष्णाजी यांनी १८४१ मध्ये मराठी पंचांग छापले, त्यानंतर छापील अक्षराविषयीचा संकोच ओसरू लागला होता. तथापि धातूत हे वळण उतरविणे कठीण होते. पोलादी ठसा कोरायचा, तो तांब्यात उमटवून साचा करायचा आणि त्यात शिसेमिश्रित धातूचा रस ओतायचा, अशी ही प्रक्रिया. रेषा फार बारीक ठेवली तर ती दाबाखाली मोडते, जाड केली तर अक्षर बोजड होते. शिवाय शिरोरेषा खिळ्याखिळ्यांतून अखंड दिसली पाहिजे. युरोपात बोदोनीने जाड-बारीक रेषांचा विरोध टोकाला नेला. पण रोमन लिपीत जोडाक्षरांचा आणि वर-खाली येणाऱ्या मात्रा-उकारांचा असा भार नव्हता.

हा समतोल साधण्यात जावजींना राणोजी रावजी आरू या कुशल सहकाऱ्याची साथ लाभली. निर्णयसागरी अक्षराच्या घडणीत कोरणाऱ्या हाताचा वाटा मालकाच्या योजकतेइतकाच मानावयास हवा. तरीही राणोजींचे नाव अभ्यासकांच्या लेखनात क्वचितच येते.

या अक्षराचे वाङ्मयीन फलित मोठे आहे. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली काव्यमाला निघू लागली. मूळ पाठ मोठ्या टाइपात, टीका लहान टाइपात, ही मांडणी सुस्पष्ट खिळ्यांमुळेच शक्य झाली. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध मासिकही याच छापखान्यातून निघे. संस्कृत पंडित आणि मराठी शाळकरी मूल, दोघांच्याही डोळ्यांना एकाच ओतशाळेचे वळण परिचित झाले.

१८९२ मध्ये जावजी निधन पावले. कार्य पुत्र तुकाराम जावजी यांनी पुढे चालविले. पाठचिकित्सा करताना आपण संपादकाची भूमिका तपासतो; त्याच काटेकोरपणे मुद्रिताची घडण, तिच्यातील खिळे आणि ते घडविणारे कारागीर यांचाही विचार झाला पाहिजे. त्याविना एकोणिसाव्या शतकातील ग्रंथव्यवहाराचे आपले आकलन अपुरेच राहील.