हृदयाची रेषा

मुलांनो, मोठ्या दवाखान्यात रोग्याच्या पलंगाशेजारी ठेवलेला एक लहानसा पडदा तुम्ही पाहिला असेल. त्या पडद्यावर एक चमकती रेषा सतत धावत असते. ती मध्येच उंच उडते, खाली येते आणि पुन्हा उडते. हीच रेषा बारीक चौकटींच्या कागदावरही काढून मिळते. त्या कागदाला आपण ई.सी.जी. म्हणतो. रेषा पाहून डॉक्टर हृदयाची चाल ओळखतात. ही रेषा अचूक काढणारे आणि ती मोजण्याची रीत जगाला देणारे शास्त्रज्ञ म्हणजे विलेम आइन्थोव्हेन.

विलेम यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंग या शहरात झाला. हे शहर आज इंडोनेशियात आहे. त्या काळी तिथे डच लोकांचे राज्य होते. विलेम यांचे वडील डॉक्टर होते. पण मुले लहान असतानाच ते वारले. १८७० साली आई आपल्या सहा मुलांना घेऊन हॉलंडमधील युट्रेक्ट शहरी राहायला गेली. तिथेच विलेम यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले.

विलेम यांना व्यायामाची व खेळांची फार आवड होती. एकदा व्यायाम करताना ते पडले आणि त्यांचे मनगट मोडले. दुसरा कोणी नशिबाला दोष देत बसला असता. विलेम यांनी त्या दिवसांत माणसाचा हात कसा वळतो व फिरतो, याचाच अभ्यास केला आणि त्यावर लेख लिहिला! वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, १८८५ साली, लायडन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

आता एक गोष्ट समजून घ्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात अगदी थोडी वीज निर्माण होते. टॉर्चमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो. हृदयाची वीज हातापायांवर मोजली, तर ती साधारण एका व्होल्टचा हजारावा भाग भरते. एवढी सूक्ष्म वीज मोजायची कशी?

१८८७ साली लंडनचे ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातील विजेची नोंद प्रथमच केली. आपल्या जिमी नावाच्या कुत्र्यावरही ते हा प्रयोग करून दाखवत. १८८९ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिथे विलेम यांनी वॉलर यांचा प्रयोग पाहिला आणि त्यांना या विषयाची ओढ लागली.

वॉलर यांच्या यंत्रात एक बारीक काचेची नळी होती आणि तिच्यात पारा होता. विजेमुळे पारा वरखाली होई व त्याची सावली फोटोच्या काचेवर उमटे. पण पारा जड आणि सुस्त! हृदयाची वीज झपाट्याने बदले. पारा मात्र मागे पडे. त्यामुळे कागदावर येणारी रेषा खरी नसे. त्यातच लायडनच्या प्रयोगशाळेजवळील दगडी रस्त्यावरून घोडागाड्या जात आणि यंत्र थरथरू लागे. विलेम यांनी जमिनीत खड्डा खणून तो दगडांनी भरला, तरी उपयोग झाला नाही.

चुकीच्या रेषेवर विसंबून रोग्याला औषध कसे द्यायचे? विलेम यांनी गणिताची मदत घेतली. पाऱ्याचा सुस्तपणा किती, हे मोजून त्यांनी खरी रेषा कशी असेल, ते हिशेबाने काढले. १८९५ साली त्यांनी रेषेवरील चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. पण प्रत्येक रोग्यासाठी एवढा हिशेब कोण करणार? म्हणून त्यांनी नवे यंत्र बनवायचे ठरवले.

या यंत्रात पारा नव्हता. त्यात क्वार्ट्झचा, केसाहून कितीतरी बारीक असा एक धागा होता. क्वार्ट्झ तापवून वितळवायचे आणि बाण सोडून त्याची तार ओढायची, अशी हा धागा काढण्याची रीत होती. धाग्याला चांदीचा मुलामा देऊन तो मोठ्या चुंबकाच्या मधोमध ताणून बसवला. हृदयाची वीज आली, की धागा लगेच हले. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते. ते चालवायला पाच माणसे लागत. रोग्याला दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. १९०१ साली विलेम यांनी या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. नव्या यंत्राची रेषा आणि हिशेबाने काढलेली जुनी रेषा ताडून पाहिली, तर दोन्ही जुळल्या!

विलेम एवढ्यावर थांबले नाहीत. प्रत्येक शास्त्रज्ञाने आपापल्या मापाने रेषा काढली, तर एकाची रेषा दुसऱ्याला कशी वाचता येणार? म्हणून त्यांनी एकच माप ठरवले. एका सेकंदात रेषा २५ मिलीमीटर पुढे सरकावी आणि व्होल्टच्या हजाराव्या भागाला ती १ सेंटिमीटर उंच जावी. जगभर आजही हेच माप चालते. तुम्हीही हिशेब करून पाहा. एका मिनिटात रेषा १५०० मिलीमीटर चालते. दोन उंच टोकांमध्ये २० मिलीमीटर अंतर असेल, तर १५०० ला २० ने भागा. उत्तर येते ७५. म्हणजे हृदय मिनिटाला ७५ ठोके देत आहे.

हे अवजड यंत्र रोग्यांजवळ नेता येत नव्हते. मग १९०५ साली विलेम यांनी दीड किलोमीटर दूर असलेल्या दवाखान्यातील रोग्याच्या हृदयाची नोंद टेलिफोनच्या तारेवरून घेतली. रोगी तिथे आणि त्याच्या हृदयाची रेषा इथे!

१९२४ साली विलेम यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. २९ सप्टेंबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. आज ई.सी.जी.चे यंत्र हातात मावते आणि रेषा लगेच पडद्यावर दिसते. यंत्र बदलले; पण पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आणि ते माप बदलले नाही. म्हणूनच एका गावात काढलेला ई.सी.जी. दुसऱ्या देशातील डॉक्टरही वाचू शकतो. मुलांनो, काम अंदाजाने करू नका. नीट मोजा आणि मोजलेले पुन्हा ताडून पाहा. विलेम यांच्या अशाच चिकाटीमुळे असंख्य रोग्यांचे प्राण वाचले आहेत.