गाठीची कड ओळखणारे डॉ. खानोलकर

देवणी भागात जुनी माणसं अजूनही धोतर कमरेला करकचून आवळतात आणि म्हाताऱ्या बायका लुगडं. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथली कातडी काळी, जाड होते. क्वचित जखम होते आणि ती काही केल्या भरत नाही. घरचे हळद लावतात, मलम लावतात. पण अशा जखमेत कर्करोग असू शकतो, हे वैद्यकाच्या जगापुढे मांडलं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी.

१८९५ साली क्वेट्ट्यात जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम. डी. मिळवली आणि मुंबईत येऊन वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

काम तसं पडद्याआडचं. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ मेणात बसवायची, तिचे पापुद्र्यासारखे काप घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. रोग कुठे संपतो आणि निरोगी पेशी कुठे सुरू होतात, ते ठरवायचं. ही कड चुकली तर रोग मागे राहतो. रुग्ण मात्र बरा झालो या समजुतीत गावी परततो.

खानोलकरांचं वेगळेपण असं, की काचपट्टीवरून नजर उचलून ते रुग्णाच्या राहणीकडे वळले. हा माणूस काय नेसतो, काय चघळतो, विडी कशी ओढतो? १९४५ साली सूर्याबाईंसोबत लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींशी जोडलेले कर्करोग मांडले. धोतराच्या काचणीने कमरेवर होणारा, खैनी ठेवण्याच्या जागी, खालच्या ओठाच्या आत होणारा आणि पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा. मिसरी लावणाऱ्या मराठवाड्यातल्या बायकांना यातलं काही परकं वाटू नये.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते पहिले संचालक. कुष्ठरोगावरचं त्यांचं कामही मोठं आहे. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

गाठीची कड आखण्याचं काम आता संगणकही शिकतो आहे. किरणोपचारापूर्वी सीटी स्कॅनच्या एकेका चित्रावर डॉक्टर हाताने रेघ ओढतात, त्यात तासन्‌तास जातात. डीप लर्निंगची प्रणाली तीच रेघ काही मिनिटांत सुचवते. पण ती शिकते तज्ज्ञांनी आधी आखून दिलेल्या हजारो चित्रांवरूनच. परदेशी रुग्णांची चित्रं पाहून तयार झालेली प्रणाली तंबाखूने पोखरलेल्या आपल्याकडच्या तोंडात चुकू शकते, म्हणून तिची रेघ डॉक्टरने तपासावीच लागते. टाटा मेमोरियलमध्ये आता अशा प्रतिमांचा साठा उभा केला जात आहे, तो याच गरजेतून. आणि कमरेला काय आवळलं होतं, हे स्कॅनमध्ये दिसत नाही, विचारावंच लागतं.

खानोलकर १९७८ साली गेले. पुढे १९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना बोलतं करू लागले, तोंडातल्या चट्ट्यांची, न भरणाऱ्या जखमांची चौकशी करू लागले.