बाबा पदमनजी : त्यांचे वाचन, त्यांचा प्रवास व त्यांचा विश्वास



काही महिन्यांपूर्वी एका खेड्यातील मंडळीत संध्याकाळच्या उपासनेनंतर आम्ही कंदिलाच्या उजेडात बसलो असता एका वृद्ध भावाने मला विचारले की, पाळकसाहेब, ज्या गोष्टी कधी घडल्याच नाहीत त्या लिहिणे अथवा वाचणे हे विश्वासणाऱ्यास शोभते काय? त्यांचा नातू शहरातून एक कादंबरी घेऊन आला होता व तिच्यावरून घरात बोलाचाली झाली होती. मी त्यांस त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले. परंतु घरी परत येताना मला वाटले की, या प्रश्नाचे खरे उत्तर एका मनुष्याच्या चरित्रातच आहे, व ते चरित्र आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस जितके ठाऊक असावे तितके नाही. मराठी भाषेतील पहिली कादंबरी ज्यांनी लिहिली ते गृहस्थ ख्रिस्ती होते, पुढे मंडळीचे पाळक झाले, आणि ती कादंबरी लिहिली तेव्हा त्यांच्या बाप्तिस्म्यास पुरी तीन वर्षेही झाली नव्हती. त्यांचे नाव बाबा पदमनजी.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावास कासार जातीच्या एका सुखवस्तू कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घरात देवधर्म मोठा, व्रतवैकल्ये नेमाने चालत, आणि त्या काळी घरोघर ज्या ओवीबद्ध पोथ्या वाचल्या जात त्या याही घरी वाचल्या जात. बाबांस लहानपणीच अक्षरांची गोडी लागली. ते पोथी मोठ्याने वाचीत व घरातील बायकामाणसे ऐकत बसत. येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढे ज्या मनुष्याने बायकांच्या दुःखाविषयी लिहिले, त्याची वाणी प्रथम बायकांपुढेच मोकळी झाली. कोणत्या वाक्याशी ऐकणारीचा हात कामावरून थबकतो आणि कोणत्या वाक्याशी ती जांभई देते, हे ज्याने लहानपणी पाहिले त्यास लिहिण्याचे निम्मे शिक्षण तेथेच मिळते. आपल्या उपदेशक बंधूंनीही हे पाहावे असे मला सुचवावेसे वाटते.

बेळगावास त्या वेळी लंडन मिशनची शाळा होती. टेलरसाहेब व बेननसाहेब हे मिशनरी तेथे काम करीत होते. त्या शाळेत बाबा इंग्रजी शिकले व तेथेच पवित्र शास्त्र प्रथम त्यांच्या हाती पडले. मात्र ते शास्त्र वाचून ते लगेच ख्रिस्ताकडे वळले असे कोणी समजू नये. शाळेत शास्त्राचा धडा म्हणावा आणि घरी येऊन स्नानसंध्या करावी, अशी दोन्हीकडची राहाटी पुष्कळ दिवस चालली. बाबांच्या मनात पहिली चलबिचल झाली ती ख्रिस्तावरील प्रीतीमुळे नव्हे, तर आपल्याच पोथ्यांतील गोष्टींविषयी शंका उत्पन्न झाल्यामुळे. ज्याचे जुने घर गळू लागले आहे, पण नव्या घराची किल्ली ज्यास अजून मिळाली नाही, अशा मनुष्याची जी स्थिती ती त्यांची झाली.

पुढील शिक्षणाकरिता ते मुंबईस गेले. त्या काळी बेळगावास आगगाडी नव्हती. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली तीच १८५३ साली. तेव्हा बेळगाव सोडून मुंबईस जाणे म्हणजे नुसते गाव बदलणे नव्हते. मुंबईस ते प्रथम एल्फिन्स्टन विद्यालयात व मग फ्री चर्च मिशनच्या शाळेत शिकले. तेथे विल्सनसाहेब, मरे मिचेलसाहेब यांसारखे विद्वान मिशनरी होते, आणि १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण गृहस्थ नारायण शेषाद्री हेही होते. आपल्याच देशाचा, आपलीच भाषा बोलणारा, आणि ज्याने जात सोडून सर्व सोसले असा मनुष्य डोळ्यांपुढे दिसणे याचा परिणाम दहा पुस्तकांहून अधिक होतो.

आता त्यांच्या चरित्रातील जो भाग मला सर्वांहून अधिक विचार करण्यासारखा वाटतो तो सांगतो. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी नावाची एक गुप्त सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग यांच्यासारखे नामांकित विद्वान तीत होते. देव एक आहे, मूर्तिपूजा व्यर्थ आहे, जातिभेद खोटा आहे, अशी त्या सभेची मते होती. नवीन सभासदाने ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा, म्हणजे त्याने जातिभेद सोडला असे समजावे, अशी तेथील चाल होती. बाबाही या सभेत सामील झाले. परंतु सर्व काही दाराला कडी लावून! आत पाव खायचा, आणि बाहेर येऊन तोंड पुसून पुन्हा जातीच्या पंक्तीस बसायचे. घरी आईबापांस, बायकोमुलांस यातले काही कळू द्यायचे नाही.

बाबांस हे दुटप्पीपण बोचू लागले. सभेतील लोक वाईट नव्हते. त्यांतील कित्येकांनी पुढे लोकहिताची मोठी कामे केली, व त्यांस नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण रात्री येशूकडे आलेल्या निकदेमाची गोष्ट आपण जाणतो. ते रात्रीच येत राहिले. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली व आपली नावे आता बाहेर फुटणार या भयाने ती सभा मोडली. तोपर्यंत बाबा तिच्यातून केव्हाच बाहेर पडले होते.

त्यांचे बाहेर पडणेही एका दिवसात झाले नाही. ख्रिस्त हाच तारणारा अशी खात्री झाल्यावरही ते घुटमळत राहिले. का घुटमळले हे आपल्या मंडळ्यांतील ज्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला त्यांस सांगावयास नको. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क कागदावर राखला होता खरा. पण चुलीजवळची जागा कोणता कायदा राखणार? ज्या पुत्राने पोथी वाचून घर गाजविले, तोच आता घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहणार होता. बापाचे दुःख त्यास दिसत होते. अखेरीस ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावास, म्हणजे जेथे सर्व लोक त्यास ओळखत होते त्याच गावी, बाबांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या गर्दीत तो घेतला असता तर कदाचित सोपे गेले असते. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

आता त्या कादंबरीकडे वळू. तिचे नाव 'यमुनापर्यटन', आणि ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असेही तिचे दुसरे नाव आहे, त्यावरून विषय कळतोच. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली एक तरुण स्त्री आहे. तिचा अंतःकरणातून ख्रिस्तावर विश्वास आहे, पण तो उघड करण्याची सोय नाही. तिचा पती विनायकराव सुशिक्षित व दयाळू मनाचा आहे. दोघे मिळून प्रवासास निघतात, आणि गावोगाव त्यांस विधवा भेटतात. कोणी दहा-बारा वर्षांची पोर, जिला नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच कपाळ पुसावे लागले. कोणी केशवपनाच्या भयाने झुरणारी. कोणी घरच्यांच्या जाचाने व बाहेरच्यांच्या वाईट दृष्टीने आडमार्गास लागलेली. यमुना ऐकते, रडते, बोलते, सांत्वन करते. शेवटी विनायकरावास अपघात होतो व ख्रिस्ती विश्वासात त्याचा अंत होतो. मग जे दुःख यमुना आजवर दुसऱ्यांच्या घरी पाहात आली, तेच तिच्या स्वतःच्या उंबऱ्यावर येऊन बसते. नंतर ती उघडपणे ख्रिस्ती होते, व एका ख्रिस्ती गृहस्थाशी तिचा पुनर्विवाह होतो.

मराठीत प्रवासाच्या रूपाने धर्मबोध करणारे पुस्तक यापूर्वी नव्हते असे नाही. बन्यनसाहेबांचा प्रसिद्ध ग्रंथ हरि केशवजी यांनी १८४१ सालीच 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणला होता. पण त्यातील यात्रेकरू नाशाच्या नगरातून स्वर्गीय नगराकडे जातो. बाबांची यमुना आपल्याच मुलखातील धुळीच्या वाटेने जाते, आणि तिच्या वाटेवरील दलदल रूपकाची नव्हे, खऱ्या माणसांच्या घरांतील आहे. पात्रांची नावे कल्पित, दुःख मात्र घरोघरचे. त्या वृद्ध भावास मी हेच सांगितले होते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास कोकरीची गोष्ट सांगितली ती काही घडलेली हकीगत नव्हती. पण तीवाचून राजाचा डोळा उघडला नसता.

पुस्तकात दोष आहेत. यमुना कधीकधी पत्नीसारखी न बोलता उपदेशकासारखी बोलते, आणि वादविवादाची पानेच्या पाने आली म्हणजे गोष्ट वाटेत बैल सोडून बसलेल्या गाडीसारखी थांबते. हिंदू चालीरीतींविषयी बाबांची लेखणी जागोजाग इतकी तिखट होते की, ज्याचे मन वळवावयाचे तोच पुस्तक मिटून ठेवील. नुकतेच ज्याचे घर सुटले त्याच्या बोलण्यात असा चटका असतो, हे समजून घेतले पाहिजे. पण वाड्यावस्त्यांवर शेजाऱ्यांत राहून साक्ष देणाऱ्याने तो उचलू नये.

आणखी एक शंका आपल्या लोकांच्या मनात येईल. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांत पाट लावण्याची चाल होतीच. विधवेचे दुसरे लग्न त्यांस नवीन नव्हते. मग हे ब्राह्मणांच्या घरचे रडगाणे आम्ही का वाचावे? परंतु आपणही आपल्या घरांत नीट पाहावे. कोणी जात जरा वर चढू लागली, चार पैसे व चार अक्षरे घरात आली, की प्रथम पाटाची लाज वाटू लागते आणि वरच्यांच्या चाली उचलल्या जातात. आणि पांढऱ्या कपाळाच्या बाईस लग्नघरात पुढे येऊ न देणे हे ख्रिस्ती घरांतही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

बाबांनी हे पुस्तक कोणत्या वेळी लिहिले तेही पाहावे. जुलै १८५६ मध्ये सरकारने विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा केला. कायदा झाला, पण घरातील माणसांची मने कोण बदलणार? पुढल्याच वर्षी यमुना प्रवासास निघाली. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, म्हणजे हे पुस्तक त्यांच्याहून एका वर्षाने वडील! जोतीराव फुल्यांनी पुण्यास विधवांच्या बाळंतपणाची सोय केली ती १८६३ साली, आणि रमाबाईंचे शारदा सदन मुंबईस उघडले ते १८८९ साली.

एवढे एकच पुस्तक लिहून बाबा थांबले नाहीत. बाप्तिस्म्यापूर्वीच, १८५२ साली, त्यांनी स्त्रियांच्या शिक्षणावर निबंध लिहिला होता. पुढे लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास पुस्तके त्यांनी लिहिली, मासिके चालविली, 'ज्ञानोदया'च्या संपादनातही त्यांचा हात होता. १८६७ साली पुण्यास त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. काही वर्षांनी ते काम सोडून त्यांनी सारा वेळ ग्रंथलेखनास दिला. मोल्सवर्थसाहेबांच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी १८६३ मध्ये संक्षेप केला. गंमत अशी की, त्या कोशाची पहिली आवृत्ती निघाली १८३१ साली, म्हणजे बाबांच्या जन्माच्या वर्षी, आणि दुसरी १८५७ साली, म्हणजे यमुनेच्या वर्षी. शब्दाशब्दांची छाननी करीत बसणे हे काम व्यासपीठावरील कामासारखे लोकांच्या डोळ्यांत भरत नाही. पण आपली भाषा नीट जाणल्याखेरीज आपल्या लोकांशी देवाविषयी बोलता येत नाही, हे ते समजून होते.

१८८८ साली त्यांनी आपल्या जन्मापासून बाप्तिस्म्यापर्यंतची हकीगत 'अरुणोदय' या नावाने प्रसिद्ध केली. मराठीत छापून निघालेल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. दोन वर्षांनी मरे मिचेलसाहेबांनी ती इंग्रजीतही आणली. बाबांचे वय तेव्हा साठीच्या जवळ आले होते. इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना त्यांनी आपल्या मनाचे परिवर्तन विजेसारखे झाले असे दाखविले नाही. नावच त्यांनी पहाटेचे दिले. आधी काळोख थोडा फिका होतो, मग झाडांचे आकार दिसू लागतात, मग माणसाचे तोंड ओळखू येते, आणि सूर्य नेमका कोणत्या क्षणी उगवला हे सांगता येत नाही. परमहंस मंडळीतील आपली लपवाछपवी, आपले भय, बाप्तिस्मा पुढे ढकलण्याच्या आपल्या सबबी, या गोष्टी त्यांनी त्यात दडविल्या नाहीत. मान्यता पावलेल्या वृद्ध लेखकास हे सहज टाळता आले असते.

बाबा पदमनजी २९ ऑगस्ट १९०६ रोजी प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्या वृद्ध भावाच्या घरी मी मागील महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा 'यमुनापर्यटन' बरोबर नेले होते. नातवाने वाचावयास आरंभ केला. आजीबाई दाराच्या आड तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मध्येच सूप खाली ठेवले आणि वाचलेली ओळ पुन्हा एकदा वाचावयास सांगितली.